टिकली माझ्याकडे येत आहे

रविवारी सकाळी माझ्या दारासमोर चपलांचा ढीग लागेल, अशी पैज मी स्वतःशीच लावली होती, आणि ती मी जिंकलो! हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मार्तंडराव, तुम्ही सपशेल तोंडघशी पडलात. पडलो. पण ढीग लागला होता, हे कोणी विसरायचं नाही.

दारासमोरच्या चपलांवरून माणसाची किंमत करायची ही खोड मला नागपूरजवळच्या कुहीला जडली. मी तिथे तहसील कचेरीत कारकून होतो आणि आमच्या सरकारी क्वार्टरच्या ओळीत टीव्ही एकट्या माझ्याकडे होता. दर रविवारी सकाळी ‘टिकली आणि कंपनी’ लागायची. टिकली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक काळी शेळी. ती चोर पकडायची, हरवलेली पोरं शोधायची, सरपंचाला धडा शिकवायची आणि मालिकेतल्या एका लहान मुलीशी चक्क माणसासारखं बोलायची. ती लागली की अख्खी ओळ माझ्या बैठकीत. पोरं पुढे, बायका मागे, पुरुष खिडकीत, आणि यमू, म्हणजे माझी बायको, चहाचं भगोनं घेऊन सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत. जाताना चपलांचा असा काला व्हायचा की एकदा मी आठवडाभर पोस्टमास्तरांची डावी चप्पल घालून हिंडलो आणि पोस्टमास्तर माझी. दोघांनीही तक्रार केली नाही. आपल्याकडे माणसं येतात, याचा तो पुरावाच होता.

त्यात भाग्य असं की मालिकेचं चित्रीकरण कुहीलाच झालं. परवानगीची फाईल माझ्या टेबलावरून गेली, म्हणून गर्दी आवरायचं काम साहेबांनी माझ्याच गळ्यात घातलं. तेव्हापासून टीव्हीवरच्या जनावरांविषयी मी अधिकारवाणीने बोलतो.

लोकांना वाटतं टिकली ही एक शेळी होती. दंतकथा! त्या चार होत्या, आणि त्यातले तीन तर बोकड होते, कारण बोकड अंगाने भरलेला असतो, कॅमेऱ्यात उठून दिसतो. रोज सकाळी गावचा न्हावी येऊन तिघांची दाढी करायचा, मग ते टिकली व्हायचे. यात लाजण्यासारखं काही नाही. परदेशातल्या एका फार गाजलेल्या मालिकेत हुशार कुत्रीचं काम वर्षानुवर्षं नर कुत्र्यांनीच केलेलं आहे. कपाळावरचा ठिपका जन्मजात? दंतकथा! तो चुना होता. एका भागात टिकली ठिपका लावून झोपडीत शिरते आणि बिनठिपक्याची बाहेर येते, तेव्हा बिचारीचं कुंकू पुसलं म्हणून माझ्या बैठकीत बायकांनी डोळ्यांना पदर लावला होता. बोलायला लावण्यासाठी तिच्या ओठाखाली गूळ चिकटवायचे? तीही दंतकथा. तिकडच्या एका बोलक्या घोड्याबद्दल शेंगदाण्याच्या लोण्याची अशीच कथा सांगतात. अहो, गूळ जनावर क्षणात गिळून टाकतं, मग ते बोलणार काय? शेळी दिवसभर रवंथ करते. ते चघळणंच टिपायचं आणि मागून मुंबईच्या एक बाई बोलायच्या, एवढंच ते गुपित. आणि सगळ्यात चिवट दंतकथा ही, की मालिका संपली त्या दिवशी मंडळींनी टिकलीचा सावजी रस्सा करून खाल्ला. साफ खोटं! चारही जनावरं कुहीजवळच्या नत्थूजींची होती. ती त्यांच्याच गोठ्यात परत गेली आणि म्हातारी होऊन मेली.

यमूला हे सगळं मी कितीतरी वेळा समजावलं. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “तुमचं सगळं बरोबर. पण ती माझ्याकडे बघून बोलते, त्याचं काय?”



यमू जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी नूपुर पुण्याला असते, रविवारी संध्याकाळी व्हिडीओ कॉल करते. मी नागपूरला, हुडकेश्वरच्या आमच्या घरात एकटा असतो. इथे प्रत्येक घराला फाटक आहे, फाटकाआड गाडी आहे, आणि गाडीआड माणसं असावीत असा अंदाज आहे. खरं सांगू? मला फार एकटं वाटतं. कुकरची शिट्टी झाली तरी मी “आलो” म्हणून उठतो. कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी ‘दंतकथा आणि सत्य’ या नावाने रोज सकाळी काहीतरी टाकतो. उत्तरादाखल जितेंद्रचा अंगठा येतो. जितेंद्र दोन घरं सोडून राहतो, त्याचं टाइल्सचं दुकान आहे. पण त्याच्या अंगठ्याचा काही भरवसा नाही. गेल्या महिन्यात कोणीतरी वारल्याची बातमी आली, तिलाही त्याचा अंगठाच आला होता.

तर मी ठरवलं. कुहीचा रविवार हुडकेश्वरला भरवायचा! टिकलीच्या वंशातलं जनावर आणायचं, अंगणात व्याख्यान द्यायचं, सोबत प्रात्यक्षिक आणि वर पोहे. मी नत्थूजींना फोन लावला.

“टिकली?” नत्थूजी म्हणाले. “टिकली तं कवाच वरती गेली ना साहेब.”

“तिच्या घराण्यातलं कोणी?”

“हाय ना. तिच्याच वंशातली हाय. हुबेहूब. बोलते बी.”

“नत्थूजी, शेळी बोलत नसते.”

“तुमच्यापाशी नसन बोलत, साहेब.”

मी वाद घातला नाही. ग्रुपवर जाहीर केलं: ‘रविवारी सकाळी टिकली माझ्याकडे येत आहे. सर्वांनी सहकुटुंब यावे. अल्पोपहाराची सोय आहे.’ जितेंद्रचा अंगठा आला. बाकी सामसूम. मी तरीही पोहे मात्र पन्नास माणसांचे आणले.

शनिवारी दुपारी फाटकाशी ऑटो थांबला. आधी नत्थूजी उतरले, मग एक काळाकभिन्न, भरदार, दाढीवाला बोकड उतरला आणि ऑडिटला आलेल्या साहेबासारखा माझ्या घराकडे बघू लागला.

“ही शेळी आहे?” मी विचारलं.

“शेळी व्याली, साहेब. तिचा भाऊ आनला.”

माझी हरकत नव्हती. मूळच्या टिकलीतही पाऊण हिस्सा बोकडच होता. मी त्याच्या कपाळावर चुन्याचा ठसठशीत ठिपका काढला, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून त्याला फाटकालाच बांधलं. याला म्हणतात जाहिरात!

तासाभरात जितेंद्र आला. तीन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या फाटकाशी थांबला होता. त्याने बोकडाच्या पाठीवरून, मग मांडीवरून हात फिरवला.

“काका, एक नंबर आनला ना तुमी. किती भरन?”

“पंचवीस-तीस किलो असेल. पण उभा राहिला की जास्त वाटतो.”

“आणि करनार कोन?”

“हे आपले नत्थूजी. जुना हात आहे. कुहीला मी स्वतः बघितलंय यांचं काम.”

जितेंद्रने नत्थूजींकडे आदराने पाहिलं. “म्हनजे सगळं इथंच? अंगनात?”

“अंगणातच. लहान मुलांना पुढे बसवू.”

“पोराइले पुढे?” जितेंद्र जरा चपापला. “नको काका, भेतीन ते.”

“आमच्या वेळी मुलंच पुढे असायची. डोळे फाडून बघायची. घास खायचं विसरायची.”

“जुन्या लोकाइची बातच वेगळी,” जितेंद्र हळूच म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. “माह्याकडे मोठं गंज हाय काका. शेगडीसकट घेऊन येतो सकाळी.”

मला भरून आलं. एवढ्या लोकांचा चहा माझ्या भगोन्यात होणार नाही, हे पोराला न सांगता कळलं होतं. मी म्हटलं, “आण बाबा. माझी भांडी पुरायची नाहीत.”

पाठोपाठ समोरच्या शोभाताई आल्या. त्यांच्या हातात हळद-कुंकवाचा करंडा होता. त्यांनी बोकडाच्या पायांना पाणी घातलं, चुन्याच्या ठिपक्याखाली कुंकू लावलं आणि हात जोडले. कलावंताचा असा मान मी कुहीतसुद्धा बघितला नव्हता.

“भाऊजी, तुमच्या घरी असं कधी झालं नाही म्हनून विचारतो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “गुडघ्यासाठीच ना?”

उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता काठी सुटली होती, म्हणून तर ही धावपळ जमत होती. मी म्हटलं, “हो हो, गुडघा बरा झाला म्हणूनच.”

“चांगलं केलं. असं मनात ठेवू नये, करून टाकावं.” त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या यमूच्या फोटोकडे नजर टाकली. “पन यमुताईले चाललं असतं का जी?”

“चाललं असतं? ती सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली असती. कितीही वेळा बघायची हौस होती तिला.”

शोभाताईंनी पुन्हा एकदा फोटोकडे बघितलं. मग पदर सावरत म्हणाल्या, “भाकरी मी टाकून आनतो.”

पोह्यांबरोबर भाकरी कोण खाणार, असं माझ्या मनात आलं. पण प्रेमाने आणलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नसतं.

आणि मग ग्रुप पेटला! येतो काका. सहकुटुंब येतो. भावाला आणलं तर चालेल का? सासऱ्यांना जिना उतरवत नाही, डबा मिळेल का? मिळेल, मी लिहिलं, सगळ्यांना डबा मिळेल. टिकलीची जादू अजून ओसरली नव्हती. मी यमूच्या फोटोसमोर उभा राहून तिला सगळे निरोप वाचून दाखवले.

रविवारी सकाळी मी आधी एक काम केलं. पहिला माणूस नेहमी संकोचतो, आपणच पहिले की काय म्हणून. त्याला दारात चपला दिसल्या की त्याचं पाऊल पुढे पडतं. म्हणून मी माझी जोडी पायरीशी ठेवली. एकटी जोडी बरी दिसेना. मग कपाटातून यमूची काढली, तपकिरी, अंगठ्याशी घासलेली, आणि शेजारी ठेवली. यमूचा फोटोही बाहेर आणला, शेवंतीचा ताजा हार घातला आणि पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसवला.

मग माझा ब्रश, माझा साबण आणि माझा वस्तरा घेऊन मी फाटकाशी बोकडाची दाढी करायला बसलो. नत्थूजींनी शिंगं धरली होती. शेजारच्या गच्चीवरून एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, “घरच्या घरी केस बी काढून राहिले वं माय, किती साफसूफ मानूस हाय.” मी खालूनच हात जोडून आभार मानले.

माणसं येऊ लागली. जोडीवर जोडी! बूट, सँडल, पोरांच्या लाल-निळ्या चपला, पायरी भरली, रांगोळीची जागा भरली, तुळशीपर्यंत ढीग पोचला. मागच्या अंगणात जितेंद्रने शेगडी मांडून गंज चढवलं. शोभाताईंच्या देखरेखीखाली बायका कांदा चिरायला बसल्या. पोह्यांना इतका कांदा लागत नाही, पण मी मध्ये पडलो नाही. थोड्या वेळाने मसाल्याचा असा काही घमघमाट सुटला की मला ठसका लागला. पोह्यांवरची तर्री आहे, मी मनात म्हटलं, नागपूरची माणसं पोहे कोरडे थोडेच खातात!

माझ्या हातात माइक होता, समोर अख्खी कॉलनी होती. मी बोलायला लागलो. चार टिकल्या, तीन बोकड, न्हावी, चुना, सगळं सांगितलं. लोक अतिशय गंभीरपणे ऐकत होते. कोणी कोणी घड्याळ बघत होते. पोरांना मात्र त्यांच्या आयांनी मागच्या रांगेत नेऊन बसवलं होतं आणि त्यांची तोंडं भिंतीकडे केली होती. हे मला जरा विचित्र वाटलं.

“काका,” मागून जितेंद्र अदबीने म्हणाला, “भाषन मस्त हाय. पन पानी उकळून राहिलं. आता याले घ्या ना.”

“घेतोच,” मी म्हटलं आणि बोकडाला सोडून माइकपाशी आणलं.

सगळे उठून उभे राहिले. दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या. शोभाताईंनी डोळे मिटले. मी खिशात हात घातला.

मी गुळाचा खडा काढला.

“मंडळी, बघा,” मी म्हटलं, आणि तो बोकडाच्या ओठाखाली लावला. बोकडाने तो त्याच क्षणी गिळला. “बघितलं? गूळ ही दंतकथा आहे, सिद्ध झालं!” मी टाळ्यांसाठी थांबलो. टाळ्या आल्या नाहीत. बोकडाने माइकचा स्पंज खाल्ला. मग माझ्या भाषणाचा कागद खाल्ला. मग दोरी हिसकून तो पुढच्या रांगेत गेला, यमूच्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि तिच्या फोटोवरचा शेवंतीचा हार अगदी सावकाश, मन लावून खाऊ लागला. मला खदखदून हसू आलं. यमू असती तर खुर्चीवरून पडली असती. मग माझ्या लक्षात आलं, मी एकटाच हसत होतो.

“आता शेवटची दंतकथा,” मी घाईघाईने म्हटलं. “टिकलीला कापून खाल्लं, असं लोक म्हणतात. कलावंताला कोणी कापतं का? हे जनावर प्रेमाने बघायचं असतं. तर आता याच्याशी गप्पा मारू आणि मग पोहे खाऊ.”

“पोहे?” कोणीतरी म्हणालं.

“पोहे?” आणखी कोणीतरी म्हणालं.

जितेंद्र पुढे आला. त्याच्या हातात मोठा डाव होता. “काका, मले एक सांगा. तुमी हा बोकड्या नवसाचा नाही आनला?”

“कसला नवस?”

“गुडघ्याचा. टिळा लावला, माळ घातली, ताईनं पूजा केली, तुमी त्याची दाढी केली. मंग दाढी काहून केली?”

“टिकलीला दाढी नव्हती,” मी म्हटलं.

एका क्षणात मला सगळं कळलं. भाकरी कळल्या, गंज कळलं, डबे कळले, भिंतीकडे तोंड केलेली पोरं कळली. ज्या घरात कधी अंडं फुटलं नाही, त्या घराच्या अंगणात अख्खी कॉलनी मटण खायला जमली होती. टिकलीसाठी एकही माणूस आला नव्हता. निम्म्यांना तर टिकली कोण हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

“राग नका मानू काका,” जितेंद्र म्हणाला. तो खरंच भला मुलगा आहे. “चूक आमचीबी हाय. पन आता मसाला झाला, भाकरी आल्या, मानसं आली. नत्थूजी तयार हायत. काय जी?”

“माहं काय,” नत्थूजी माझ्याकडे न बघता म्हणाले. “साहेब म्हनतीन तसं.”

“तुमी खाऊ नका काका, फकस्त हो म्हना. सगळे सायंकाळलोक इथंच बसू. पत्ते खेळू. पोरं खेळतीन. मस्त दिवस जाईन.”

पत्ते. संध्याकाळपर्यंत. मी पायरीकडे बघितलं. तो ढीग तिथे दिवसभर राहिला असता. पुढच्या रविवारी कदाचित कोणी सहज म्हणून आलं असतं. तुम्हाला सांगायला हरकत नाही, मी तोंड उघडलं होतं आणि जिभेवर ‘हो’च होतं. तेवढ्यात बोकडाने मान वळवली. त्याच्या ओठातून शेवंतीचं एक पिवळं फूल लोंबत होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड हलत होतं. ते चघळणं होतं. मला पक्कं माहीत आहे, ते चघळणंच होतं.

“नाही,” मी म्हटलं. “याला कापायचं नाही. पाहुणा आहे तो. पोहे खाऊन जा सगळे.”

कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, तेवढा वेळ तरी थांबले असते. एकाला एकदम काम आठवलं, एकाचं पोर रडायला लागलं, एकाने दोन घास पोहे खाल्ले आणि छान झालेत म्हणाला. मग जितेंद्रने हळूच विचारलं, तयार मसाला वाया जाण्यापेक्षा कोपऱ्यावरून कोंबड्या आणून त्याच्या गच्चीवर करावं का. मी म्हटलं, जरूर करा. चार पोरांनी ते गंज दोन बाजूंनी उचललं आणि त्याच्या मागोमाग, वासाच्या मागोमाग, अख्खी कॉलनी फाटकाबाहेर गेली. “काका, तुमी बी या ना,” जितेंद्र वळून म्हणाला. मी आलोच म्हणून हात केला. जाऊन मी तिथे काय करणार होतो? शोभाताईंनी चार भाकरी माझ्यासाठी ठेवल्या.

दुपारी नत्थूजीही बसने निघाले. बोकडाला न्यायला मात्र तयार होईनात.

“घरी नेला तं संक्रांतबी नाही पाहनार तो साहेब. गिऱ्हाईक ठरलं हाय त्याचं. तुमी नाही म्हनलं तवा मले बी बरं वाटलं. ठेवा तुमच्यापाशी.”

फाटक लागलं. दोन घरं पलीकडच्या गच्चीवरून पत्त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. कोणीतरी हुकूम मोडला होता आणि सगळे हसत होते. मी अंगण झाडलं, खुर्च्या आत घेतल्या, पन्नास माणसांच्या पोह्यांवर ताट झाकलं. बोकड पायरीशी बसून काहीतरी खात होता. भाकरी दिली तर तीही खाल्ली. माझी चप्पल घालायला पायरीशी गेलो, आणि मला जे दिसलं त्याने माझा जीव एकदम सुपाएवढा झाला.

पायरीखाली एक जोडी उरली होती. बायकी. एकीचा पट्टा तुटलेला होता.

कोणीतरी बाई गडबडीत अनवाणी गेली होती! आता गच्चीवरून उतरताना तिच्या लक्षात येणार, आणि ती परत येणार. येणारच. मी ती जोडी सरळ करून ठेवली, दार सताड उघडलं, चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले. तुटलेल्या पट्ट्याबद्दल काय बोलायचं तेही ठरवलं. कोपऱ्यावरच्या चांभाराकडून शिवून आणून देतो म्हणायचं, म्हणजे ती पुन्हा एकदा येईल. चहा उकळून उकळून काळा झाला. मी तो ओतून दुसरा ठेवला. गच्चीवरचा आवाज थांबला, माणसं आपापल्या घरी गेली, फाटकं वाजली. माझं वाजलं नाही.

ऊन उतरता उतरता नूपुरचा व्हिडीओ कॉल आला. मी पायरीवरच बसलो होतो.

“बाबा, कसा झाला कार्यक्रम? आले का लोक?”

“अगं, तुळशीपर्यंत चपला होत्या!” मी म्हटलं. “कॉलनीत एवढी गर्दी कोणाकडे झाली नव्हती. आत्ताच गेले सगळे. एक बाई तर चपला विसरून गेली, तिचीच वाट बघतोय.” आणि पुरावा म्हणून मी फोन खाली वळवला.

नूपुरने चेहरा स्क्रीनजवळ आणला.

“बाबा,” ती म्हणाली, “आईच्या आहेत ना त्या.”

मी वाकून बघितलं. तपकिरी. अंगठ्याशी घासलेल्या. सकाळी मीच कपाटातून काढून ठेवल्या होत्या. मधला पट्टा कोणीतरी खाऊन टाकल्यामुळे त्या वेगळ्याच दिसत होत्या. म्हणजे दुपारभर दार उघडं टाकून, दोन कप मांडून मी जिची वाट बघत होतो, ती यमू होती.

“हवा लागावी म्हणून काढल्या होत्या,” मी म्हटलं.

“आणि पट्टा कोणी तोडला?”

“पाहुणे आहेत एक. मुक्कामाला राहिलेत.”

“कोण पाहुणे? किती दिवस आहेत?”

मी बोकडाकडे बघितलं. तो चपलेचा उरलेला पट्टा तोंडात धरून, मान वर करून, माझ्याकडे बघत तोंड हलवत होता.

“आत्ताच विचारलं,” मी नूपुरला म्हटलं. “सांगतो म्हणाला.”